काउंटीनिहाय मध्यक हाउसहोल्ड उत्पन्न : वर्षानुवर्षांचा अंदाज कसा बांधायचा? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

अमेरिकेतल्या एखाद्या काउंटीतलं सर्वसाधारण घर गेल्या तीस-चाळीस वर्षांत वर आलं की खाली गेलं, हा प्रश्न विचारायला सोपा आहे. उत्तर शोधायला बसलं की तीन वेगवेगळ्या सरकारी स्रोतांतले आकडे समोर येतात आणि ते एकमेकांशी पुरते जुळत नाहीत. विद्यार्थी, पत्रकार आणि तिकडे स्थायिक झालेली हौशी आकडेवाली मंडळी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत.

काउंटी म्हणजे आपला जिल्हा का?

कारभाराच्या उतरंडीत साधारण तेच स्थान, पण आकारात जमीन-अस्मानाचा फरक. लॉस एंजेलिस काउंटीत सुमारे एक कोटी माणसं राहतात. टेक्सासमधल्या लव्हिंग काउंटीत २०२०च्या जनगणनेत ६४ माणसं सापडली. दोन्ही कागदोपत्री 'एक काउंटी'च. देशभरात काउंट्या आणि त्यांच्या बरोबरीचे घटक मिळून तीन हजार एकशेहून थोडे जास्त भरतात. लुइझियानात त्यांना पॅरिश म्हणतात, अलास्कात बरो, आणि व्हर्जिनियात ३८ स्वतंत्र शहरं काउंटीच्या तोडीची धरली जातात. पुढे येणाऱ्या बहुतेक अडचणींचं मूळ या असमान आकारात आहे.

सरासरी सोडून मध्यकच का?

मध्यक म्हणजे सगळी घरं उत्पन्नाच्या क्रमाने लावली की बरोबर मधोमध येणाऱ्या घराचं उत्पन्न. दहा अब्जाधीश राहायला आले की सरासरी उड्या मारते, मध्यक जागचा फारसा हलत नाही. वायोमिंगमधली टेटन काउंटी (जॅक्सन होल हे श्रीमंतांचं ठिकाण तिथलं) पाहा. आर्थिक विश्लेषण विभाग म्हणजे बीईए जे दरडोई वैयक्तिक उत्पन्न काढतो, ते तिथे अलीकडच्या वर्षांत दोन लाख डॉलरच्या वर गेलं आहे, तेही माणशी. मधल्या घराचं सगळ्या माणसांचं मिळून उत्पन्न मात्र लाखाच्या आसपास. हॉटेलात काम करणारा, बर्फ उपसणारा, शाळेत शिकवणारा माणूस त्या दरडोई आकड्यात दिसतच नाही.

हाउसहोल्ड आणि फॅमिली यांत नेमका फरक काय?

एका राहत्या घरात राहणारे सगळे मिळून हाउसहोल्ड, मग ते नातेवाईक असोत, रूममेट असोत की एकटा माणूस असो. फॅमिली व्हायला मात्र जन्म, लग्न किंवा दत्तकविधानाने जोडलेली किमान दोन माणसं लागतात. एकट्या राहणाऱ्या आजी हाउसहोल्ड आहेत, फॅमिली नाहीत. त्यामुळे फॅमिलीचा मध्यक जवळजवळ नेहमीच वरचा असतो. १९५० आणि १९६०च्या जनगणनेचे काउंटी तक्ते चाळताना बऱ्याच ठिकाणी फॅमिलीचाच आकडा हाती लागतो. तो आजच्या हाउसहोल्डच्या आकड्याला जोडला तर उत्पन्न घटल्याचा खोटा आभास होतो.

वसतिगृहं, तुरुंग, वृद्धाश्रम यांतले लोक हाउसहोल्डमध्ये धरत नाहीत. पण कॉलेजबाहेर फ्लॅट भाड्याने घेऊन राहणारी पोरं धरतात. म्हणून ओहायोतल्या अथेन्ससारख्या विद्यापीठी काउंटीचा मध्यक दिसतो तेवढा दारिद्र्याचा पुरावा नसतो.

आकडे येतात कुठून?

मुख्य झरे तीन, आणि तिन्ही जनगणना ब्यूरोचेच.

पहिला, दर दहा वर्षांच्या जनगणनेचा 'लाँग फॉर्म'. काही घरांना लांबलचक प्रश्नावली जायची. २०००मध्ये साधारण दर सहा घरांमागे एका घराला गेली. तिच्यात आदल्या कॅलेंडर वर्षाचं उत्पन्न विचारलं जायचं. म्हणजे १९८०च्या जनगणनेतलं उत्पन्न १९७९चं, १९९०चं १९८९चं आणि २०००चं १९९९चं. आलेखावर हा बिंदू २००० या वर्षावर टाकणं ही इतकी सर्रास दिसणारी चूक आहे की आता तिचं नवल वाटत नाही. २०००नंतर लाँग फॉर्म बंद झाला.

दुसरा, अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे, म्हणजे एसीएस. २००५पासून तो पूर्ण ताकदीने चालतो. हल्ली वर्षाला सुमारे ३५ लाख पत्त्यांवर जातो, आणि तोही दर महिन्याला थोडा थोडा.

तिसरा, एसएआयपीई : छोट्या भागांतलं उत्पन्न आणि गरिबी यांचे प्रतिमानावर (मॉडेलवर) बेतलेले अंदाज. हा सर्व्हे नाही, गणित आहे. त्याच्याविषयी खाली सविस्तर लिहिलं आहे, कारण सर्वांत कमी समजलेला आणि सर्वांत उपयोगी झरा हाच.

एसीएसचा एका वर्षाचा आकडा घ्यावा की पाच वर्षांचा?

बहुतेक वेळा हे आपल्या हातात नसतं. एका वर्षाचे अंदाज फक्त ६५ हजार किंवा त्याहून जास्त वस्तीच्या भागांसाठी छापतात, आणि काउंट्यांपैकी जेमतेम एक चतुर्थांश किंवा थोड्या जास्त त्यात बसतात. बाकीच्यांसाठी पाच वर्षांचे नमुने एकत्र करून काढलेला अंदाज असतो. त्याचा पहिला संच २००५–०९चा, डिसेंबर २०१०मध्ये आला. मध्यंतरी २० हजारांवरच्या वस्तीसाठी तीन वर्षांचे अंदाजही निघत. २०११–१३च्या संचानंतर ते बंद पडले.

पाच वर्षांचा आकडा स्थिर असतो, पण सुस्त असतो. नॉर्थ डकोटातली मॅकेन्झी काउंटी २०१०मध्ये ६,३६० वस्तीची होती. तेलाच्या तेजीत २०२०पर्यंत ती १४,७०४वर गेली. अशा जागी पाच वर्षांचा अंदाज तेजीपूर्वीचे शेतकरी आणि तेजीतले ट्रकचालक एकाच पातेल्यात घालून ढवळतो. शिखर कधी आलं आणि उतार कधी लागला, हे त्यातून कळत नाही.

मग २०१५–१९ आणि २०१६–२० यांची तुलना केली तर?

करू नका. त्यांतली चार वर्षं सामाईक आहेत. जो फरक दिसतो तो २०१५ वगळून २०२० घातल्याचा, आणि तोही पाचाने भागून पातळ झालेला. न आच्छादणारे संच घ्या, म्हणजे २००९–१३ आणि २०१४–१८, किंवा २०१४–१८ आणि २०१९–२३.

आकड्यापुढे ± करून जे लिहिलेलं असतं, त्याकडे किती लक्ष द्यावं?

आकड्याइतकंच. आकडा नमुन्यावरून काढलेला असल्याने किती इकडेतिकडे असू शकतो, हे ते सांगतं. जनगणना ब्यूरो ९० टक्के विश्वासपातळीची त्रुटीमर्यादा देतो. तिला १.६४५ने भागलं की प्रमाण त्रुटी (स्टँडर्ड एरर) मिळते. समजा, एका छोट्या काउंटीचा मध्यक आधीच्या संचात ४८,००० ± ५,००० होता आणि नंतरच्या संचात ५४,००० ± ६,५०० झाला, दोन्ही एकाच वर्षाच्या डॉलरमध्ये. वाढ ६,०००. फरकाची त्रुटीमर्यादा काढायला दोन्ही मर्यादांचे वर्ग करून बेरीज करायची आणि वर्गमूळ घ्यायचं. उत्तर येतं सुमारे ८,२००. म्हणजे ६,०००ची ही 'वाढ' निव्वळ नमुन्याचा खेळ असू शकते. स्थानिक वृत्तपत्रात मात्र ती "साडेबारा टक्क्यांची झेप" म्हणून पहिल्या पानावर येते.

काउंट्यांची क्रमवारी लावणाऱ्या याद्यांवर म्हणूनच माझा फारसा भरवसा नाही. पहिल्या पाचांत कोण, हे बऱ्यापैकी ठरतं. पण ६१२वी आणि ७४०वी यांच्यात खरोखर फरक आहे का, ते त्या यादीवरून सांगता येत नाही.

एसएआयपीई नेमकं काय करतं?

१९९४च्या कायद्याने शाळांना मिळणाऱ्या 'टायटल वन' निधीची वाटणी ताज्या आकड्यांवर करायची ठरली. दहा वर्षं जुन्या जनगणनेवर पैसे वाटले तर वाढत्या गरिबीची काउंटी मागे राहायची. त्यातून हा उपक्रम उभा राहिला. गरीब मुलांची संख्या हे त्याचं मुख्य काम, आणि त्यासोबत प्रत्येक काउंटीचा मध्यकही निघतो. पहिले अंदाज १९९३चे, मग १९९५ आणि १९९७चे, त्यानंतर दरवर्षी.

कल्पना अशी. लव्हिंगसारख्या काउंटीत सर्व्हेला मोजकी घरं सापडतात, त्यामुळे थेट अंदाज हेलकावे खातो. पण त्या काउंटीविषयी सरकारला इतर वाटांनी बरंच ठाऊक असतं : प्राप्तिकराच्या विवरणपत्रांवरचं मध्यक उत्पन्न, बीईएचे वैयक्तिक उत्पन्नाचे आकडे, लोकसंख्येचे अंदाज, आधीच्या जनगणनेतला मध्यक. ज्या काउंट्यांत सर्व्हेचा आकडा आहे, तिथे या गोष्टींचा मध्यकाशी संबंध प्रतिगमनाने म्हणजे रिग्रेशनने काढतात (उत्पन्नाचा लॉगॅरिदम घेऊन). त्या संबंधावरून प्रत्येक काउंटीचा एक 'अपेक्षित' मध्यक मिळतो. मग थेट अंदाज आणि अपेक्षित अंदाज यांची वजनं घालून सांगड घालतात. लॉस एंजेलिसमध्ये नमुना भरपूर, तेव्हा वजन जवळजवळ सगळं सर्व्हेकडे. छोट्या काउंटीत नमुना तोकडा, तेव्हा भार प्रतिमानावर. संख्याशास्त्रात याला आकुंचन म्हणतात : डळमळीत आकड्याला त्याच्यासारख्या काउंट्यांच्या अनुभवाकडे ओढून घेणं.

याचा एक तोटा ध्यानात असू द्या. एखादी छोटी काउंटी खरंच विक्षिप्त असेल, म्हणजे करविवरणात न दिसणारं उत्पन्न तिथे बरंच असेल, तर प्रतिमान तिला इतर काउंट्यांसारखी करून टाकतं. आणखी एक : या अंदाजांवर स्वतःचं प्रतिगमन चालवून "करविवरणातल्या उत्पन्नाशी मध्यकाचा जबरदस्त संबंध सापडला" असा शोध लावू नका. तो संबंध आधीच आत घातलेला आहे.

हवाईतल्या कलावाओ काउंटीचा आकडा या संचात सापडणार नाही. कुष्ठरोग्यांच्या जुन्या वसाहतीची ती चिमुकली काउंटी, २०२०मध्ये वस्ती ८२.

मग १९९३पासून आजपर्यंत एसएआयपीईचीच रेघ ओढली तर?

ओढता येते, पण २००५च्या जागी सांधा आहे. त्याआधी प्रतिमान चालू लोकसंख्या सर्वेक्षणाच्या म्हणजे सीपीएसच्या वार्षिक पुरवणीवर बेतलेलं होतं, २००५पासून ते एसीएसवर बसवलं गेलं. दोन्ही सर्व्हे उत्पन्न वेगळ्या तऱ्हेने विचारतात. तो सांधा आलेखावर उभ्या तुटक रेषेने दाखवावा. सांध्यापलीकडची उडी खरी की पद्धतीची, हे तपासायचा एक साधा उपाय आहे : तोच फरक साऱ्या देशासाठी किंवा राज्यासाठी पाहा. सगळीकडे सारखीच उडी असेल, तर ती काउंटीची कहाणी नव्हे.

१९८९ आणि १९९९ यांच्या मधली वर्षं सरळ रेषेने भरावीत का?

दुसरं काहीच नसेल तर भरा, पण लॉगॅरिदमवर भरा आणि ते आकडे निराळ्या रंगात दाखवा. सरळ रेषा १९९०–९१ची मंदी पुसून टाकते. त्यापेक्षा चांगली तऱ्हा अशी : दोन्ही टोकांचे जनगणनेचे बिंदू पक्के धरायचे आणि मधल्या वर्षांचा चढउतार बीईएच्या दरडोई उत्पन्नातून घ्यायचा. काउंटीचे ते आकडे १९६९पासून दरवर्षीचे आहेत. पातळी जनगणनेची, हालचाल बीईएची. अर्थात टेटनसारख्या ठिकाणी ही हालचाल शेअरबाजाराची असेल, मधल्या घराची नव्हे. तिथे ही युक्ती वापरू नये.

महागाई कशी काढायची?

एसीएसचा पाच वर्षांचा आकडा आधीच शेवटच्या वर्षाच्या डॉलरमध्ये असतो. २०१८–२२चा आकडा २०२२च्या डॉलरमध्ये असतो, त्याला पुन्हा २०२० धरून फुगवू नका. एसएआयपीई आणि लाँग फॉर्मचे आकडे मात्र त्या त्या वर्षाच्या डॉलरमध्ये असतात.

उदाहरण घेऊ. शहरी ग्राहक किंमत निर्देशांक १९९९मध्ये १६६.६ होता, २०२२मध्ये २९२.७. गुणक सुमारे १.७५७. साऱ्या देशाचा १९९९चा मध्यक ४१,९९४ डॉलर, म्हणजे २०२२च्या डॉलरमध्ये सुमारे ७३,८००. एसीएसचा २०१८–२२चा आकडा ७५,१४९. वाढ दोनेक टक्के, दोन दशकांत! आता कॅलिफोर्नियातली सांता क्लारा काउंटी, सिलिकॉन व्हॅलीचं घर, जिथे आपलीही मंडळी भरपूर. १९९९ला ७४,३३५, म्हणजे २०२२च्या मापाने सुमारे १,३०,६००. २०१८–२२ला सुमारे १,५४,०००. अठरा टक्के वर. आणि डेट्रॉइटची वेन काउंटी : १९९९ला ४०,७७६, म्हणजे सुमारे ७१,६००. २०१८–२२ला सुमारे ५७,०००. वीस टक्के खाली. महागाई न काढता पाहिलं असतं तर वेनचं उत्पन्नही 'चाळीस टक्क्यांनी वाढलं' असतं.

सत्तरच्या दशकापर्यंत मागे जायचं असेल तर साधा निर्देशांक पुरत नाही. त्या काळी घराचा खर्च मोजायची पद्धत निराळी होती आणि त्यामुळे महागाई जरा फुगलेली दिसते. आजची पद्धत मागे लावून काढलेली सुधारित मालिका आहे, ती वापरावी.

पण १९९९ आणि एसीएस यांची अशी थेट तुलना चालते का?

पूर्णपणे नाही, आणि वरचे टक्के त्या बेताने वाचावेत. लाँग फॉर्मने एका ठरावीक कॅलेंडर वर्षाचं उत्पन्न एप्रिलच्या सुमारास, म्हणजे कराचे कागद हाताशी असताना विचारलं. एसीएस 'गेल्या बारा महिन्यांचं' विचारतो, आणि दर महिन्याला वेगळ्या घरांना. जानेवारी २०१९मध्ये विचारलेलं घर २०१८चं उत्पन्न सांगतं, डिसेंबरमध्ये विचारलेलं घर डिसेंबर २०१८ ते नोव्हेंबर २०१९चं. म्हणून 'एसीएस २०१९' हा आकडा खरं तर २३ महिन्यांवर पसरलेला आहे, आणि मंदी आली की तो ती उशिरा दाखवतो. शिवाय दोन्ही प्रकारांनी एकाच सुमारास विचारलं तेव्हा एसीएस पद्धतीचा मध्यक लाँग फॉर्मपेक्षा काही टक्के कमी भरला होता. म्हणजे देशाची 'दोन टक्के' वाढ प्रत्यक्षात थोडी जास्त असावी. वेनची वीस टक्के घसरण मात्र एवढ्याने पुसली जात नाही.

शिवाय १९९९ हे तेजीचं वर्ष होतं. सुरुवातीचा बिंदू शिखरावर ठेवला की पुढचं सगळं उतारासारखं दिसतं.

दोन काउंट्यांचा मिळून मध्यक हवा असेल तर?

मध्यकांची सरासरी काढू नका, लोकसंख्येचं वजन लावूनही नको. उत्पन्नगटांचा तक्ता, बी१९००१, घ्या आणि दोन्ही काउंट्यांची घरं गटागटाने एकत्र करा. समजा एकूण १०,००० घरं झाली. ५० हजारांखाली ४,२००, आणि ५० ते ६० हजारांच्या गटात १,०००. मधलं घर पाच हजारावं. ते या गटात ८००व्या जागी येतं. गट १० हजार डॉलर रुंद, म्हणून मध्यक ५८,०००च्या आसपास. गटात घरं सारखी पसरली आहेत असं गृहीत धरलंय, ते या रुंदीला चालून जातं. तयार मध्यक बी१९०१३ या तक्त्यात असतो.

सीमा बदलल्या तर मालिका तुटते का?

तुटते, आणि गुपचूप तुटते, कारण संगणक काउंटी कोडवर जुळणी करतो. डेड काउंटी १९९७मध्ये मायामी-डेड झाली आणि कोड बदलला. साउथ डकोटातली शॅनन काउंटी २०१५मध्ये ओग्लाला लकोटा झाली, कोड पुन्हा नवा. कोलोरॅडोत ब्रूमफील्ड २००१मध्ये चार काउंट्यांचे तुकडे जोडून बनली. नाव बदललं तर कोड बदलून जुळवता येतं, तुकड्यांच्या काउंटीला तसं करता येत नाही. सगळ्यात मोठा घोळ कनेटिकटचा : ब्यूरोने २०२२पासून तिथल्या आठ काउंट्या सोडून नऊ नियोजन प्रदेश धरले, आणि त्यांच्या सीमा जुन्या काउंट्यांशी जुळत नाहीत. कनेटिकटची लांब मालिका हवी असेल तर गावपातळीवरचे गट घेऊन वरच्या पद्धतीने पुन्हा बांधावी लागते.

२०२०चं काय करायचं?

एसीएसच्या २०२०च्या एकवर्षीय अंदाजाला ब्यूरोनेच 'प्रायोगिक' ठरवलं. करोनात ज्यांनी उत्तरं दिली त्यांत सुस्थितीतली घरं जास्त होती, त्यामुळे उत्पन्न चढं दिसत होतं. काउंटीच्या एकवर्षीय मालिकेत ती जागा रिकामी ठेवा. पाच वर्षांच्या संचासाठी वजनं सुधारून २०१६–२०चे आकडे मार्च २०२२मध्ये निघाले.

राहणीमानाचा खर्च धरून काउंट्यांची तुलना करता येते का?

काउंटी पातळीवर अधिकृत किंमत निर्देशांक नाही. बीईएची प्रादेशिक किंमत गुणोत्तरं राज्यं आणि महानगर क्षेत्रं यांच्यासाठी असतात. महानगराचा आकडा त्यातल्या प्रत्येक काउंटीला लावतात, चालतं, पण घरभाडं काउंटीगणिक बदलतं हे विसरू नये.

मध्यक वाढला म्हणजे तिथले लोक श्रीमंत झाले?

झाले असतील, किंवा जुने लोक भाडं परवडेना म्हणून गेले असतील आणि जास्त कमावणारे आले असतील. दरवर्षी घरं वेगळी असतात. काउंटीचा मध्यक जागेची गोष्ट सांगतो. घराची गोष्ट सांगायला त्याच माणसांचा माग ठेवणारा विदा (डेटा) लागतो. तसंच निवृत्त माणसं वाढली किंवा एकट्याने राहणारे वाढले की कुणाचाही पगार न घटता मध्यक उतरतो.

फुकट कुठे मिळतं?

चालू तक्ते जनगणना ब्यूरोच्या संकेतस्थळावर आहेत, एसएआयपीईच्या सगळ्या वर्षांच्या फायलीही. जुन्या जनगणनांसाठी मिनेसोटा विद्यापीठाचा एनएचजीआयएस हा तक्त्यांचा संग्रह. 'आर' ही संगणकभाषा वापरणाऱ्यांना 'टायडीसेन्सस' हे पॅकेज पुरतं, आणि ते त्रुटीमर्यादाही सोबत आणतं. तिचा स्तंभही जपून ठेवा.

महाराष्ट्रातल्या जिल्ह्यांसाठी असं करता येईल का?

आज तरी नाही. आपली जनगणना उत्पन्न विचारत नाही. राज्याचं अर्थ व सांख्यिकी संचालनालय जिल्हा उत्पन्न काढतं, पण ते जिल्ह्यात झालेल्या उत्पादनाचं, लोकसंख्येने भागलेलं. बीईएच्या दरडोई आकड्याचाच हा भाऊबंद, आणि टेटनचा धडा मुंबई-ठाण्याला जसाच्या तसा लागू. राष्ट्रीय नमुना पाहणीचे उपभोग खर्चाचे आकडे घराचे असतात खरे, पण खर्च म्हणजे उत्पन्न नव्हे, आणि जिल्ह्याच्या वाट्याला आलेला नमुना तोकडा असतो. २०११च्या सामाजिक-आर्थिक व जात जनगणनेत ग्रामीण घरांना सर्वाधिक कमावत्या सदस्याचं मासिक उत्पन्न विचारलं होतं, तेही तीन गटांत : पाच हजारांखाली, पाच ते दहा हजार, दहा हजारांवर. त्यातून सगळ्या घराचा मध्यक निघत नाही. मात्र छोट्या भागांच्या अंदाजाची पद्धत, म्हणजे तोकडी पाहणी, वीजजोडण्या किंवा वाहनांसारखी प्रशासकीय माहिती आणि त्यांची वजनाने सांगड, इथेही वापरता येण्याजोगी आहे. अडतं ते करविवरणापाशी. अमेरिकेत बहुतेक कमावती घरं विवरणपत्र भरतात, म्हणून ते प्रतिमानाचा कणा होऊ शकतं. गडचिरोलीत किंवा हिंगोलीत शेतीचं उत्पन्न करमुक्त असताना त्या कागदावरून मधल्या घराबद्दल फार थोडं कळेल.